मधला काळोख

अजनीच्या फलाटावर उभं राहायचं आणि न थांबता जाणाऱ्या गाडीच्या डब्यांवरच्या पाट्या वाचायच्या, हा दादाचा आणि माझा लहानपणीचा खेळ. बाबा अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, आमचं क्वार्टर रेल्वे कॉलनीत, त्यामुळे संध्याकाळी फलाटावर जाणं म्हणजे अंगणात जाण्यासारखंच होतं. मुंबईकडे जाणारी गीतांजली नागपूर सोडून अजनीत येईपर्यंत वेग धरू लागलेली असायची. डब्यावर पाटी : हावडा–मुंबई. दादा खाडकन वाचायचा, मला मात्र नुसता पट्टा सरकताना दिसायचा. एकदा त्याने माझी हनुवटी धरून मान गाडीसोबत फिरवली. म्हणाला, "खांबाकडे काऊन पाहतेस? पाटीसंगं डोळे पळव ना." मी पळवले, आणि अक्षरं थांबली. गाडी धावत होती, पण काना, मात्रा, अनुस्वार सगळं माझ्यापुढे उभं होतं.

पुढे एका नव्याकोऱ्या मॉनिटरवरचा रस्ता धुरकट का दिसतो हे काही केल्या कळेना, तेव्हा मला या पाटीपाशीच परत यावं लागलं.

संगणक घरी आला २००१ साली. दादा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मी नववीत. बर्डीवरच्या दुकानातून सगळं सामान ऑटोत घातलं. मॉनिटरच्या खोक्याला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही, घर येईपर्यंत मांडीवर धरून बसले. पंधरा इंची म्हणून घेतलेला मॉनिटर दादाने आल्याबरोबर पट्टीने मोजला, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पावणेचौदा इंच भरला. त्याचा चेहरा उतरला. नळी पंधरा इंचाचीच असते, पण तिच्या कडा चौकटीआड जातात, हे बाबांनी समजावलं तेव्हा कुठे तो जेवायला बसला.

बाबांना समोरच्या चित्रापेक्षा मागच्या कुबडाचं कौतुक जास्त. "अवो, याच्या पोटात पंचवीस हजार व्होल्ट असतात," ते आईला सांगायचे, "आमच्या इंजिनावरच्या तारेत असतात तेवढे." रेल्वेच्या ओव्हरहेड तारेचा आकडा खरोखरच २५,००० व्होल्ट आहे, आणि रंगीत पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवरचा, म्हणजे तिच्या धन टोकावरचा, आकडाही त्याच्याच आसपास असतो. तारेतून शेकडो अँपिअर वाहतात, नळीत जेमतेम एखादा मिलिअँपिअर, एवढाच फरक. पण त्या आकड्यामुळे टेबलावरच्या डब्याला आमच्या घरात एक वजन आलं. मागचं झाकण उघडायचं नाही, प्लग काढून ठेवला असेल तरी नाही, कारण नळीची काच नंतरही करंट धरून ठेवते. बाबांनी शेडमध्ये माणसं भाजलेली पाहिली होती. या एका गोष्टीत ते कधी हसत नसत.

नळी चालते कशी, हे त्यांनी एका मे महिन्यात गच्चीवर दाखवलं. आम्ही रात्री गच्चीवर झोपायचो, आणि झोपण्याआधी तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडणं हे माझं काम. बाबा म्हणाले, "बेटा, या कोपऱ्यातून सुरू कर, एकेक ओळ शिंपडत खाली ये." मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तोवर पहिली ओळ वाळून पांढरी झाली होती. "बस, हेच," ते म्हणाले. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीओळीने काचेच्या आतल्या फॉस्फरवर शिंपडला जातो. जिथे पडतो तिथला ठिपका उजळतो आणि एखाद्या मिलिसेकंदात बराचसा विझतोही. झोत तळाशी पोचतो तेव्हा वरचा भाग केव्हाच काळा झालेला असतो. म्हणजे कुठल्याही क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र नसतंच, एक उजळ पट्टा तेवढा खाली उतरत असतो. बाकीचं चित्र आपण डोळ्यात जुळवतो. फर्डिनांड ब्राउनने अशी पहिली नळी केली १८९७ साली. त्याला १९०९ चं नोबेल मिळालं ते मार्कोनीसोबत, बिनतारी संदेशाच्या कामासाठी. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम ही नळीच.

शिंपडण्याचा वेग कमी असला की आईला त्रास व्हायचा. ती संगणकावर भिशीचा हिशोब लिहायची आणि अर्ध्या तासात कपाळ दाबत उठायची. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालत होता, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पेटत-विझत होता. समोर बघताना ते फारसं जाणवत नाही, पण नजरेच्या कडेला लुकलुक लगेच कळते. दादाच्या मित्राने डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० चं ८५ केलं, ब्राइटनेस थोडा उतरवला, आणि आईची डोकेदुखी गेली. त्यानंतर विंडोज नव्याने टाकलं की आईचा पहिला प्रश्न असायचा, "पंच्याऐंशी केलं का?"

मी त्या पडद्यावर काय काय खेळले! रोड रॅश, नीड फॉर स्पीड, एज ऑफ एम्पायर्सच्या न संपणाऱ्या दुपारी. बाहेर पंचेचाळीस अंश, खिडकीत कूलर, आणि कूलरची ओली हवा मॉनिटरला लागू नये म्हणून मध्ये टांगलेली आईची जुनी साडी. दमट हवेत मागून बारीक चर्र असा आवाज यायचा. तो आला की बाबा कूलरचं पाणी बंद करायचे. मग अकरावीत धरमपेठेतलं सायबर कॅफे सापडलं. तिथे सतरा इंची नळ्या ओळीने मांडलेल्या, आणि काउंटर-स्ट्राइक. तिथली मुलं रिझोल्यूशन मुद्दाम ८०० बाय ६०० वर आणायची, म्हणजे रिफ्रेश रेट, तोच हर्ट्झचा आकडा, १०० पर्यंत चढवता यायचा. चित्र थोडं जाडंभरडं, पण हालचाल लोण्यासारखी. माउस झटकन फिरवला तरी भिंतीआडून निघणाऱ्याची टोपी, बंदूक, पाय वेगवेगळे दिसायचे. मी बरी खेळायचे. पाठीमागून कुणीतरी "पोट्टी भारी आहे बे" म्हटलेलं मी अजून जपून ठेवलं आहे.

आणि ते बटण. मॉनिटरच्या मेनूत डिगॉस नावाची एक गोष्ट असायची. दाबलं की आतून ठण्ण असा आवाज, सगळं चित्र पाण्यात पडल्यासारखं डचमळायचं आणि पुन्हा शांत व्हायचं. नळीतल्या जाळीला आसपासच्या चुंबकामुळे चुंबकत्व चढतं, रंग भलतीकडे पडतात, ते उतरवण्याची ती सोय. स्पीकर जवळ ठेवल्याने आमच्या पडद्याचा एक कोपरा जांभळा पडला होता. डिगॉस केलं की तो धुऊन निघायचा.

एलसीडी मी माझ्या पैशांनी आणला, २००७ मध्ये, नोकरीच्या पहिल्या दिवाळीला. एकोणीस इंची, १४४० बाय ९०० चा. त्याचं कौतुक मला आजही आहे, आणि जुन्या नळीच्या प्रेमात ते विसरणारे लोक मला पटत नाहीत. तेव्हा भारनियमन चालू होतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुरांडी इतक्या जवळ असूनही आमची वीज जायची. वीज गेली की ६०० व्हीएच्या यूपीएसवर नळी पाचेक मिनिटांत मान टाकायची, काम सेव्ह करायलाच वेळ पुरायचा. एलसीडी आला आणि तोच यूपीएस निवांत चालू लागला. मे महिन्यात तोंडासमोर शेगडी ठेवल्याची भावना गेली. टेबल भिंतीला टेकलं, खोली हातभर मोठी झाली. अक्षरं कोरीव दिसू लागली, आणि लुकलुक नावालाही नव्हती. आईने तर "पंच्याऐंशी" म्हणायचंच सोडलं.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं. बाबांनी दिला नाही. काचेत शिसं आहे, हे लोक कुठेतरी नाल्याकाठी फोडतील, म्हणाले, आणि गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

नव्या पडद्यावर पहिल्या रविवारी मी गाडी पळवायला घेतली आणि काहीतरी बिनसलं आहे हे लगेच कळलं. गाडी उभी असताना चित्र देखणं. पळू लागली की रस्त्याच्या कडेचे खांब, पाट्या, झाडं सगळी ओल्या बोटाने पुसल्यासारखी. ठिपक्याचा रंग बदलायला लागणारा वेळ खोक्यावर लिहिला होता ५ मिलिसेकंद. मला वाटलं, माझे डोळे. धंतोलीत डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर जराही बदलला नव्हता. जुने खेळ तर आणखी उदास वाटायचे, कारण एलसीडीचे पिक्सेल मोजून मांडलेले असतात. ८०० बाय ६०० चा एज ऑफ एम्पायर्स १४४० बाय ९०० वर ताणून बसवला की प्रत्येक शिपायाच्या कडा लोळागोळा. नळीला अशी ठरलेली चौकट नव्हती, झोत जेवढ्या ओळी सांगाल तेवढ्या काढायचा.

आधी मी दोष एलसीडीतल्या द्रव स्फटिकांना दिला, आणि तो थोडा होताही. त्यांची गोष्ट मला फार आवडते. १८८८ साली फ्रीड्रिख राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळला, पण गढूळच राहिला, आणि १७८ अंशांच्या पुढे गेल्यावर नितळ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता आणि स्फटिकासारखा प्रकाश वळवत होता. आज जगातल्या बहुतेक पडद्यांमागे त्या गाजराच्या अर्काचे वंशज आहेत. विजेच्या इशाऱ्यावर हे रेणू वळतात आणि मागच्या दिव्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. पण वळायला त्यांना वेळ लागतो. जुनं चित्र पुरतं जायच्या आत नवं येतं आणि वस्तूमागे तिचं भूत ओढत राहतं, त्यालाच खेळणारे घोस्टिंग म्हणतात. थंडीत ते आणखी संथ होतात. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे मॉनिटर लावला की पहिली काही मिनिटं हे भूत जास्त लांब दिसायचं.

पण भूत वेगळं आणि हा फराटा वेगळा. पुढे रेणू चपळ झाले, खोक्यावरचा आकडा ५ वरून २, मग १ वर आला, तरी खांब पुसलेलेच. तेव्हा मला अजनीचा फलाट आठवला.

पळती पाटी वाचायची तर डोळा तिच्यासोबत पळवावा लागतो. खेळतानाही मी नकळत तेच करत असते. खांब डावीकडे सरकतो, माझी नजर त्याच्यासोबत सलग सरकते. मात्र ६० हर्ट्झच्या एलसीडीवरचा खांब सलग सरकत नाही. तो एका जागी जवळजवळ १६.७ मिलिसेकंद ठाण मांडून उभा राहतो, मग टुणकन पुढच्या जागी. त्या १६.७ मिलिसेकंदांत माझा डोळा पुढे गेलेलाच असतो. चित्र उभं आणि डोळा चालता, म्हणून ते चित्र माझ्याच दृष्टिपटलावर पुसलं जातं. पडद्याचा फोटो काढला तर खांब तिथे अगदी रेखीव उभा असतो. हिशोब सोपा आहे : एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने जात असेल तर ६० हर्ट्झवर तिचा फराटा १६ पिक्सेलचा, १२० वर ८ चा, २४० वर ४ चा. रेणू कितीही चपळ झाले तरी हा आकडा त्याच्या खाली जात नाही, कारण तो चित्र बदलायला लागणाऱ्या वेळाचा नाही, चित्र तेवत राहण्याच्या वेळाचा आहे.

नळीत ठिपका मिलिसेकंदभर चमकून विझायचा. उरलेला वेळ काळोख. त्या काळोखात डोळा पुढे सरकायचा, आणि तो जिथे पोचलेला असेल नेमक्या त्याच जागी पुढची चमक यायची. मध्ये पुसलं जायला काही नसायचंच. ज्या विझण्यामुळे आईचं डोकं दुखायचं, त्याच विझण्यामुळे मला त्या टोपीची कड दिसायची. हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ झोपले नाही.

इंजिनीअरांनाही हे ठाऊक होतं. एलसीडीचा मागचा दिवा दर फ्रेमला, म्हणजे दर नव्या चित्राला, क्षणभर पेटवून विझवण्याची युक्ती त्यांनी काढली. २०१६ मध्ये मी घेतलेल्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये ती होती. चालू केली की हालचाल खरंच स्वच्छ व्हायची, उजेड मात्र अर्ध्यावर यायचा. मी ती रोज वापरली. बाकी त्या मॉनिटरविषयी सांगण्यासारखं फार नाही. रंग फिके, आणि तिरकं पाहिलं की आणखी फिके.

त्याच सुमारास एका दिवाळीला दादा पुण्याहून आला आणि त्याला कपाटात आमचा जुना टीव्ही गेम सापडला, बदकं मारायच्या बंदुकीसकट. नव्या एलसीडी टीव्हीला जोडला. बदकं उडाली, दादाने नेम धरला, एकही पडेना. चाळिशीकडे झुकलेला माझा भाऊ पडद्याला बंदूक टेकवून गोळ्या झाडत होता. बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की खेळ पडदा क्षणभर काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. सेन्सरला काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर बदक पडलं. नळीवर ते तत्क्षणी दिसायचं. एलसीडी टीव्ही चित्र आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो, तोवर बंदुकीची वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. शेजारच्या काकूंकडे जुना टीव्ही होता. तिथे नेऊन जोडला. पहिल्या गोळीत बदक पडलं, आणि दादाने ज्या आवाजात आरोळी ठोकली तो आवाज मी वीस वर्षांनी ऐकला.

या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या मुलासाठी ओएलईडी घेतला. सत्तावीस इंची, २४० हर्ट्झचा. त्याने दोन वर्षांचे वाढदिवस आणि दिवाळ्या त्यात घातल्या, उरलेले मी. यात मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळं दाखवायचं तर स्वतःच बंद होतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये अशा सेंद्रिय थरांचा दिवा कमी व्होल्टेजवर पेटवून दाखवला होता. आमच्या पॅनेलमध्ये निळा प्रकाश या थरांचा आणि लाल-हिरवा क्वांटम डॉट्स या अतिसूक्ष्म कणांमधून निघालेला, ज्यांच्यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पहिल्या रात्री दिवे मालवून त्याने एक अंधाऱ्या गुहेचा खेळ लावला. मशालीशेजारचा काळोख खरा काळोख होता. एलसीडीचा काळा म्हणजे गडद राखाडी, कोपऱ्यांतून उजेड झिरपणारा. नळीचा काळा पुष्कळ बरा, पण जवळ काही उजळ आलं की काचेत प्रभा पसरायची. असा काळा मी कुठल्याच पडद्यावर पाहिला नव्हता. ठिपक्याचा रंग बदलण्याचा वेळ कंपन्या ०.०३ मिलिसेकंद सांगतात. घोस्टिंग जवळजवळ संपलंच.

त्याच्या उणिवाही रोज वापरल्याशिवाय कळत नाहीत. त्याची खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन भिंतीवर आलं की तो सुंदर काळा जांभळट राखाडी होतो, कारण या पॅनेलवर बाहेरचा उजेड गिळणारा पोलरायझर नसतो. आणि मराठी वाचताना मला जे दिसलं ते इंग्रजी परीक्षणांमध्ये मला कधी भेटलं नाही. या पॅनेलमध्ये प्रत्येक ठिपक्यातला हिरवा भाग वर आणि लाल-निळे खाली बसतात, त्यामुळे आडव्या कडांना एका बाजूने हिरवी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबीसर झाक येते. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक आणि आखूड. आपली तर प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! पांढऱ्यावर काळं मराठी लिहिलं की प्रत्येक ओळीला बारीक रंगीत किनार. मुलाला ती दिसत नाही, मला दिसते. शिवाय एकच टास्कबार आठ तास उभा राहिला तर त्याचा डाग कायमचा बसण्याची भीती. निळा थर सर्वांत लवकर थकतो. बाबांना यात नवल वाटलं नाही. आरक्षण खिडकीवरच्या जुन्या हिरव्या पडद्यांवर, बंद असतानाही, वरच्या ओळीतली अक्षरं जळून उमटलेली त्यांनी पाहिली आहेत. माझं ऑफिसचं काम म्हणून साध्या आयपीएस, म्हणजे एलसीडीच्याच एका प्रकारच्या, पॅनेलवरच चालतं, आणि ते तिथेच चालावं.

पण हालचाल? हे मला पाहायचंच होतं. गेल्या महिन्यात सुट्टी लागल्यावर नळी माळ्यावरून उतरवली. सतरा-अठरा वर्षांनी एकदम वीज द्यायची नाही, बाबा म्हणाले, आणि आधी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. बल्ब भक्कन पेटला, मंद झाला. आतून ओळखीचा ठण्ण. मुलगा दोन पावलं मागे सरला. मग थेट वीज दिली. मिनिटभराने तपकिरी धुक्यातून चित्र वर आलं, जरा पिवळट, एका बाजूला झुकलेलं, पण आलं. नव्या ग्राफिक्स कार्डाला जुनं व्हीजीए सॉकेट नसतं, म्हणून बर्डीवरून एक कन्व्हर्टर आणून ठेवला होता. मुलगा पायथन शिकतो आहे. त्याला मी सांगितलं, एक पट्टी काढ, सेकंदाला ९६० पिक्सेल पळव, आणि तिच्यावर लिही : हावडा–मुंबई.

दोन्ही पडदे शेजारी, दोन्ही ६० हर्ट्झवर. ओएलईडीवर पट्टी पळाली आणि अक्षरं एकमेकांत मिसळली. वाचता येतं असं म्हणता येणार नाही, शब्द माहीत होता म्हणून ओळखता येत होता. नळीवर तीच पट्टी, लुकलुकत, पिवळट, झुकलेली. बाबा खुर्ची ओढून बसले, मान हळूहळू फिरवत राहिले. म्हणाले, "ड मधला गोल दिसून राहिला. अनुस्वारही दिसते." त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डाव्याचं व्हायचं आहे. आळीपाळीने एकेक डोळा झाकून त्यांनी दोन्ही पडदे पाहिले. ओएलईडीवरचा निळा उजव्या डोळ्याला निळाच दिसतो आणि डाव्याला मळका, हे त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास त्यांना पट्टीपेक्षा त्या निळ्यात रस होता.

मुलाला हे पटेना. पन्नास हजारांवरचा पडदा या डब्यापुढे हरतो कसा? त्याने ओएलईडी २४० वर नेला, पट्टीही २४० फ्रेमने पळवली. आता अक्षरं सुटी झाली. फराटा १६ वरून ४ पिक्सेलवर आला होता. नळीच्या अगदी बरोबरीची नाही म्हणणार मी, पण पाटी वाचता येत होती, आणि लुकलुक अजिबात नव्हती. तो जे खेळ खेळतो त्यांत २४० फ्रेम मिळतात, त्यामुळे त्याचा पडदा त्याच्यासाठी योग्यच आहे. ६० फ्रेमवर बांधलेले माझे जुने खेळ मात्र तिथे १६ पिक्सेलचा फराटा घेऊनच पळणार. दोन दशकं पैसे मोजून आपण चित्र सपाट केलं, मोठं केलं, धारदार केलं, आणि हलत्या चित्राची जी स्वच्छता पंधरा इंची डब्यात आपोआप मिळायची ती चौपट वेगाने विकत घेतली. मला हे खटकतं, आणि खटकलं पाहिजे असं वाटतं.

एक उपाय तरीही निघाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मार्क रेजॉन आणि टिमोथी लॉट्स यांनी इलेक्ट्रॉनच्या झोताची नक्कल करणारा एक शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलणारा छोटा प्रोग्राम, सर्वांसाठी खुला केला. २४० हर्ट्झच्या पडद्यावर ६० ची प्रत्येक फ्रेम चार टप्प्यांत दाखवायची : उजळ पट्टा वरून खाली उतरतो, बाकीचं काळोखात मिटत जातं. म्हणजे गच्चीवरचं माझं पाणी शिंपडणंच, आता प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्रपणे विझता येणाऱ्या पडद्यावर.

मुलाने तो लावला. पट्टी ६० फ्रेमवर, आणि अक्षरं सुटी. बाबा पुढे वाकले. मी नळीकडे आणि ओएलईडीकडे आळीपाळीने बघत होते.

"आई, पण हे लुकलुक करून राहिलं," मुलगा डोळे चोळत म्हणाला.

आजी दारात उभी होती, हातात धुतलेल्या कोथिंबिरीची जुडी. ती किती वेळापासून बघत होती कोण जाणे.

"पंच्याऐंशी कर," ती म्हणाली.

"आजी, याच्यात साठच होते."

"मग उजेड कमी कर."

त्याने केला.